चोवीस वर्षांनी पुन्हा साठ पत्त्यांचा कॅट

तोझाई मार्गाची गाडी मिनामी-सुनामाची स्थानक सोडून बोगद्यातून वर येते आणि अराकावा नदीच्या रुंद पात्रावरून धावू लागते, तेव्हा डब्यात एकदम उजेड भरतो. नऊ वर्षांची असताना मी या उजेडाची वाट पाहत असे, कारण पूल संपला की निशी-कासाई येई आणि निशी-कासाई म्हणजे घर. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या कामासाठी दहा दिवस टोकियोला जाणे झाले, तेव्हा मधला रविवार मी या गाडीसाठीच राखून ठेवला होता. मांडीवरच्या पिशवीत आईचा शंकरपाळ्यांचा जुना स्टीलचा डबा होता आणि त्यात दोनशे अकरा पोकेमॉन पत्ते होते. पुण्याच्या घराच्या माळ्यावर चोवीस पावसाळे काढल्यामुळे त्यांतले चकचकीत पत्ते दमट हवेने धनुष्यासारखे वाकले होते. साधे मात्र अजून सरळ होते.

बाबा संगणक अभियंता. सन २००० उजाडताना तारखांमुळे संगणकांत जे घोळ होणार होते, ते आधीच निस्तरण्यासाठी त्या काळी भारतातून बरेच अभियंते जपानला गेले, त्यांत एप्रिल १९९८ मध्ये आम्हीही गेलो. आज निशी-कासाईत स्थानकाबाहेर पडताच हिंदी, तेलुगू, मराठी कानांवर येते आणि तूरडाळ हवी तितकी मिळते. तेव्हा मराठी बोलणारे दुसरे घर शोधायला आईला चार महिने लागले. मला तिथल्या जपानी शाळेत घातले होते. त्या शाळेत मला कोणी त्रास दिला नाही, परंतु बोलताच येत नसल्यामुळे मधल्या सुट्टीत मी भिंतीला टेकून उभी असे. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने न बोलता माझ्या हातावर एक पत्ता ठेवला. नारिंगी रंगाचा, शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला तो प्राणी होता हितोकागे. शाळा सुटल्यावर ती मला बागेतल्या बाकाकडे घेऊन गेली. तिथे पाच-सहा मुले पत्ते मांडून बसली होती.

हा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आला होता, म्हणजे मी पोहोचले तेव्हा तो ऐन भरात होता. प्राण्यांची नावे काताकाना लिपीत असत आणि ही लिपी मला येत नव्हती. आईलाही येत नव्हती; पण तिने तिच्या वर्गातून तक्ता मिळवला, माझ्या गणिताच्या वहीच्या पानांचे चौकोन कापले आणि प्रत्येक पत्त्याचे नाव निळ्या शाईने देवनागरीत लिहून ती चिठ्ठी पत्त्यामागे, प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली. हितोकागे, झेनिगामे, फुशिगीदाने, रिझाडोन. देवनागरी आणि काताकाना दोन्ही अक्षरे उच्चारानुसार लावत जाणाऱ्या लिप्या आहेत, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाणे मला फारसे जड गेले नाही. अडले ते एकाच पत्त्यापाशी. समुद्रघोड्याच्या पिल्लासारख्या एका प्राण्याच्या नावातला उच्चार ना त, ना स, ना नेहमीचा च. आई दोन दिवस विचार करत होती. मग तिने ‘ताच्चू’ असे लिहून खाली बारीक अक्षरांत ‘चाकातला च’ अशी टीप दिली. मराठीत दंत्य च आहे हे माझे किती मोठे भाग्य, हे मला पुढे जपानी शिकणाऱ्या इतर भारतीयांचे हाल पाहून कळले. बागेत जाताना मात्र चिठ्ठ्या घरी काढून ठेवाव्या लागत, कारण पाठीवरून पत्ता ओळखू आला तर तो डाव खोटा. तीन महिन्यांत मला चिठ्ठ्यांची गरज उरली नाही, आणि शाळेच्या पुस्तकातली काताकानाही मी वाचू लागले.

ती बाग अजून आहे. बाक बदलले आहेत, झाडे वाढली आहेत, आणि आमच्या इमारतीच्या सज्जांवर भारतीय घरांतल्या ओढण्या वाळत होत्या. हिवाळ्यात साडेचार वाजता प्रभागाच्या ध्वनिक्षेपकांवरून मुलांना घरी जाण्याची आठवण देणारी धून वाजते. ती वाजली की डाव असेल तिथे मोडून आम्ही पत्ते गोळा करत असू. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बागेत एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. मी बाकावर थोडा वेळ बसले, डबा उघडला नाही, आणि परत स्थानकाकडे निघाले.

सन २००० च्या अखेरीस आम्ही पुण्याला परतलो. शाळेतल्या मैत्रिणींना पोकेमॉन माहीतच नव्हता. कार्टून नेटवर्कवर ती मालिका दिसू लागली आणि वेफर्सच्या पुड्यांत त्याच्या चकत्या निघू लागल्या, तोवर मी आठवीत होते. शिवाय चकत्या जमवणे वेगळे आणि हा खेळ वेगळा. समोर कोणी बसणारे नसेल तर साठ पत्त्यांचा कॅट म्हणजे नुसती चित्रे. धाकट्या भावाला शिकवून पाहिले, पण जपानी मजकूर दर वेळी वाचून दाखवावा लागे, तो कंटाळला. डबा माळ्यावर गेला.

निशी-कासाईहून गाडी न बदलता निहोंबाशीला जाता येते. पहिले पोकेमॉन सेंटर तिथेच एप्रिल १९९८ मध्ये, म्हणजे आम्ही पोहोचलो त्याच महिन्यात उघडले होते, आणि चाचणीत चांगले गुण मिळाले की बाबा मला तिथे नेत. ते पुढे हामामात्सुचोला आणि २०१४ मध्ये इकेबुकुरोला हलले. २०१८ पासून निहोंबाशीत ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या इमारतीत नवे सेंटर आहे. रविवारची गर्दी इतकी होती की मी पाच पत्त्यांचे एक पाकीट घेतले आणि बाहेर पडून गिन्झा मार्गाने सुएहिरोचोला उतरले. तिथून अकिहाबारा पायी पाच मिनिटांवर आहे.

अकिहाबाराच्या इमारतींत मजल्यामागून मजले पत्त्यांची दुकाने आहेत. काचेच्या कपाटांत एकेक पत्ता जाड प्लॅस्टिकच्या वडीत बंद, शेजारी दर्जाचा आकडा, खाली किंमत. पहिल्या संचातला मित्सुहिरो आरिता यांनी रंगवलेला रिझाडोन तिथे मला महिन्याच्या पगाराच्या किमतीत दिसला. गेल्या काही वर्षांत या पत्त्यांना सट्ट्याचे रूप आले, नवी पाकिटे घेण्यासाठी दुकानांना सोडती काढाव्या लागल्या, आणि लहान मुलांच्या हाती पाकीट पडणे अवघड झाले. मला हे मनापासून वाईट वाटते. ज्याची किंमत टिकवायची तो पत्ता पिसता येत नाही, आणि न पिसलेला पत्ता या खेळात कधी हाती येत नाही. कपाटे पाहणाऱ्यांची गर्दी ओलांडून मी मागच्या बाजूला गेले, तिथे लांब टेबले मांडली होती आणि पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाने माझे पाय थांबले.

दुकानाने लावून ठेवलेला विजेच्या गटाचा एक तयार कॅट मी विकत घेतला. माझे डब्यातले पत्ते चालणार नव्हते: २००१ मध्ये जपानी पत्त्यांची पाठ बदलली, आणि त्याआधीच्या पत्त्यांना आता ‘क्यू-उरा’, म्हणजे जुन्या पाठीचे, असे म्हणतात, अधिकृत स्पर्धेत ते घेत नाहीत. मी एकटीच कॅट चाळत बसलेली पाहून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी विचारले, की त्यांचा नातू खेळायला भिडू शोधतो आहे, तुम्ही बसाल का. नातू दहा-अकरा वर्षांचा असेल. तो समोर बसला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, “ओनेगाइशिमास.” खेळ सुरू करताना हे म्हणायचे असते, हे मी विसरले नव्हते. आम्ही एकमेकांचे कॅट पिसून दिले आणि दगड-कागद-कात्री करून पहिली पाळी ठरवली.

सात पत्ते हातात घ्यायचे. त्यांत निदान एक ‘ताने’ हवा. ताने म्हणजे बी; ज्याच्यापासून पुढची रूपे वाढतात त्या मूळ प्राण्याला जपानी खेळाडू बी म्हणतात, आणि मला हा शब्द नेहमीच फार नेमका वाटत आला आहे. मग सहा पत्ते पालथे बाजूला ठेवायचे. समोरच्याचा प्राणी बेशुद्ध पाडला की त्यांतला एक आपण उचलायचा, आणि सहाही ज्याचे आधी उचलून झाले तो जिंकला. इतके सारे तसेच होते. बदलले होते ते आकडे. माझ्या लहानपणी रिझाडोनची ताकद १२० होती आणि ती आम्हांला अफाट वाटे. या मुलाने मांडलेल्या नव्या रिझाडोनची होती ३३०. असा मोठा प्राणी पडला तर मात्र समोरच्याला एकाऐवजी दोन पत्ते उचलता येतात, म्हणजे ताकदीबरोबर जोखीमही वाढवलेली आहे.

दुसऱ्याच पाळीला मी चुकले. प्राध्यापकाचा पत्ता टाकला, हातातले सगळे पत्ते टाकून सात नवे घेतले, त्यांत पुन्हा प्राध्यापक आला आणि मी तोही टाकला. जुन्या नियमांत हे चालत असे. ओकिदो हाकासे, म्हणजे प्राध्यापक ओकिदो, एकाच पाळीत दोनदा-तीनदा टाकून आम्ही अर्धा कॅट संपवत असू. मुलाने हळूच बोट पत्त्याच्या कडेला असलेल्या ‘सपोर्ट’ या शब्दावर ठेवले आणि म्हणाला, “हा एका पाळीत एकच.” मग तो पत्ता त्याने स्वतः उचलून दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. मला वाटते, हा बदल चांगला आहे. पूर्वी ज्याच्या हाती प्राध्यापक आधी येई त्याचाच डाव असे, आता प्रत्येक पाळीत निवड करावी लागते.

पुढचा डाव मला पानापानासकट आठवतो. मी झपाट्याने त्याचे चार लहान प्राणी पाडले आणि चार पत्ते उचलले. मला वाटत होते की मी जिंकते आहे. परंतु त्याच्या रिझाडोनचा वार असा होता की मूळचे १८०, आणि मी उचललेल्या प्रत्येक पत्त्यामागे ३० अधिक. चार पत्त्यांचे १२०, म्हणजे एकूण ३००. जितकी मी जिंकत होते, तितका त्याचा हात जड होत होता, आणि तो मुलगा हे जाणून स्वस्थ बसला होता. तीन पाळ्यांत त्याने माझी फळी रिकामी केली. सहावा पत्ता उचलल्यावर त्याने तो न पाहताच खाली ठेवला आणि वाकून म्हणाला, “आरिगातो गोझाइमाशिता.” मीही वाकले. चोवीस वर्षांत इतक्या एकाग्रतेने मी कोणासमोर बसले नव्हते.

मग त्याची नजर डब्याकडे गेली. मी झाकण उघडले, एक पत्ता पालथा ठेवला, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, “क्यू-उरा.” आजोबाही वाकून पाहू लागले. जुन्या पाठीच्या पत्त्यांनी जुन्याच नियमांनी खेळणारे लोक आजही आहेत, असे त्यांनी सांगितले, पण नातवाने तो खेळ कधी पाहिला नव्हता. मी विचारले, खेळायचा का? त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान डोलावली.

दोनशे अकरांतून साठ-साठचे दोन कॅट लावायचे म्हणजे आधी सगळ्या चिठ्ठ्या काढणे आले. आम्ही तिघांनी मिळून त्या काढल्या आणि झाकणात ठेवल्या. आता शिकवायची पाळी माझी होती. प्राध्यापक हवा तितक्या वेळा टाकता येतो, हे ऐकून त्याचे डोळे विस्फारले. आरितांचा गोलमटोल पिकाचू त्याच्या हाती आला, ताकद जेमतेम ४०. वार ३० चा, पण दहा येनचे नाणे उडवायचे आणि ते उलटे पडले तर १० स्वतःवरच. ते तीनदा उलटे पडले आणि तो तीनदा मोठ्याने हसला. वाकलेले चकचकीत पत्ते कॅटमध्ये नीट बसत नव्हते, म्हणून तो प्रत्येक वेळी पिसताना त्यांना तळव्याखाली दाबून सरळ करत होता.

निघायची वेळ झाली तेव्हा चिठ्ठ्या परत पाकिटांत घालायच्या होत्या. देवनागरी त्याला येत नव्हती. म्हणून आम्ही असे केले, की त्याने सगळे पत्ते चित्र वर करून टेबलभर पसरायचे, मी चिठ्ठी वाचायची आणि त्याने पत्ता शोधून त्यावर हात मारायचा. जपानी घरांत नव्या वर्षाला कारुता असाच खेळतात, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी पत्ता टिपायचा, असे आजोबा म्हणाले, आणि बाह्या सारून तेही खेळू लागले. आईचे निळे अक्षर मी वाचत गेले. हितोकागे. झेनिगामे. फुशिगीदाने. रिझाडोन. नातू चपळ होता, आजोबांना चार-पाचच मिळाले. मग ती बारीक टीप लिहिलेली चिठ्ठी हाती आली, आणि मी चाकातला च नीट उच्चारून म्हटले, “ताच्चू.” दोघांचे हात एकाच वेळी त्या पत्त्यावर पडले.