खोली ओढायला गाडी कुठली?

चिऱ्याचे आणि वाळूचे ट्रक जिथे तोलतात त्या महामार्गालगतच्या काट्यावर आमची खोली, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, एकटी उभी केली, तेव्हा आकडा आला १,१८० किलो. तोही रिकामी असताना. पाण्याची टाकी कोरडी, कपाटं मोकळी, सिलिंडर नाही. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने तिथवर नेली होती, तोलताना ट्रॅक्टर सोडवून बाजूला घेतला. पिकअप बघायला निघण्याआधी मी हे केलं. जुनी कॅरॅव्हॅन ओढायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी काट्यावर जावं आणि मग गाड्यांची माहितीपत्रकं उघडावीत, असं माझं ठाम मत आहे.

खोली म्हणजे बाबांची कॅरॅव्हॅन. घरात आम्ही तिला खोलीच म्हणतो. कोकण रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा कणकवली-कुडाळ पट्ट्यात एका ठेकेदाराने आपल्या इंजिनिअरला राहण्यासाठी ती बांधून घेतली होती. एकच आस, खाली लोखंडी चॅनेलची चॅसी, वर सागाचा सांगाडा, आतून प्लायवूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. बाबा त्याच कामावर सुपरवायझर होते. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला, ठेकेदाराने सामान विकायला काढलं आणि बाबांनी ही घेतली. तेव्हापासून ती देवगडला आमच्या कलमांच्या बागेत होती. हापूसच्या हंगामात बाबा राखणीला तिच्यातच झोपायचे. बाबा गेले, पण सागाचा सांगाडा अजून खणखणीत आहे. मला ती रेडीपासून रेवसपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायची आहे, थंडीच्या दिवसांत, घाई न करता.

तर वजन. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती सिलिंडर भरलेला असला की तीसच्या आसपास. बॅटरी, गाद्या, भांडीकुंडी, तांदळाचा डबा, ह्यांची मासे गरवायची सगळी सामग्री. मी १,४५० किलो धरून चालले आहे. ब्रिटनमधले कॅरॅव्हॅनवाले नवशिक्यांना सांगतात की ओढल्या जाणाऱ्या गाडीचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. त्या हिशेबाने मला निदान १,७०० किलोची पिकअप हवी. हलकी गाडी सपाटीवर ओढून नेईलही. पण वळणावर मागचं वजन ढकलायला लागलं की पुढच्या गाडीकडे स्वतःचा भार हवा.

दुसरं वजन फार कमी लोक मोजतात. कॅरॅव्हॅनच्या दांडीचं पुढचं टोक पिकअपच्या हूकवर किती टेकतं ते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हे सुरक्षित मानतात. काजूबिया तोलायचा आमचा प्लॅटफॉर्म काटा त्या टोकाखाली ठेवला, चॅसी आडवी सरळ करून घेतली आणि बघितलं तर ९५ किलो. म्हणजे जेमतेम आठ टक्के. कारण उघड होतं: पाण्याची टाकी आसाच्या मागे बसवलेली, ती भरल्यावर टोक आणखी हलकं होणार. मागे जड आणि पुढे हलकी अशी कॅरॅव्हॅन वेग वाढला की डावी-उजवी झुलायला लागते आणि एकदा झुलली की पिकअपची शेपटीही सोबत नेते. अशा वेळी पिकअपचा ब्रेक कचकन दाबायचा नसतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. टाकी आता आसाच्या थोडी पुढे घेतली आहे. सिलिंडर आणि बॅटरीही पुढेच. सामान भरून टोक दीडशेच्या थोडं वर टेकतं.

हे दीडशे किलो पिकअपच्या पाठीवर येतात, म्हणून ते पिकअपच्या भारक्षमतेतून वजा होतात. आरसी बुकावर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि एकूण कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या हातातली शिल्लक. त्यातून माणसं वजा करा, हौद्यातलं सामान वजा करा, हूकचं लोखंड वजा करा, मग हे टोक. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत ओढण्याची क्षमता सहसा छापलेली नसते. परदेशात टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स या पिकअपना साडेतीन टनांपर्यंत परवानगी आहे. तो आकडा इथे उचलून आणू नये. इथल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे, कमाल वजन आणि कागदपत्रं इथली असतात.

वाडीत दर दुसऱ्या बागायतदाराकडे बोलेरो कॅम्पर आहे. आंब्याच्या पेट्या, खत, माणसं, सगळं तिच्यावर जातं, आणि सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. भावाचा आग्रह तिच्यासाठीच होता. पण ७५ हॉर्सपॉवर आणि २०० एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) घेऊन, पाठीमागे दीड टन लावून, फोंडा घाट चढायचा माझा जीव होईना. लेक कोल्हापुरात असते, त्यामुळे घाट चुकणार नाही. हायलक्सला २.८ लिटरचं इंजिन, २०४ पीएस (जवळपास तितकेच हॉर्सपॉवर), मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम. गाडी सुरेख. किंमत तीस लाखांच्या घरात, तीही बागेच्या उत्पन्नावर. तो विषय मी तिथेच थांबवला. इसुझू व्ही-क्रॉस १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० एनएम, आणि तो टॉर्क दोन हजार आरपीएमपासूनच हाताशी येतो. चढावर खालच्या गिअरमध्ये सावकाश जायला हे फार उपयोगाचं.

कणकवलीच्या आमच्या मेकॅनिकने मात्र हे सगळे आकडे ऐकून घेतले आणि एवढंच म्हटलं, "वयनीनू, ओढूक खयचीय गाडी ओढतली. उतारार तिका थांबवतलो कोण?"

पुढचे कितीतरी दिवस मी याच प्रश्नाभोवती होते. आपला किनारा नकाशात सपाट वाटतो, पण रस्ता तसा नाही. प्रत्येक खाडीवरून सड्यावर चढायचं, सड्यावरून पुढच्या खाडीत उतरायचं. उतार लांब नसतात, पण तीव्र असतात. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आणि नेमक्या वळणावर समोरून एसटी. खोलीला मूळचे धक्क्यावर चालणारे ब्रेक होते: पुढची गाडी मंदावली की मागची दांडी आत दाबली जाते आणि तो दाब ब्रेक लावतो. सपाटीवर ही युक्ती छान. लांब उतारावर मात्र मागची गाडी सतत पुढे रेटत राहते, त्यामुळे ब्रेक सतत थोडे लागलेलेच राहतात, ड्रम तापतात आणि पकड जाते. म्हणून खोलीला विजेवरचे ब्रेक बसवून घेतले. ड्रममध्ये चुंबक, आणि चालकाच्या गुडघ्यापाशी नियंत्रक. मागचे ब्रेक किती लावायचे ते मी ठरवू शकते, आणि खोली झुलायला लागलीच तर फक्त तिचेच ब्रेक लावून तिला सरळ करता येतं. हूक निसटला तर एक तार ओढली जाऊन खोलीच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. शिवाय दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या. यात मी पैशाचा विचार केला नाही.

मॅन्युअल गिअर आणि फोर-लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर) हवेच, हेही त्याच प्रश्नातून ठरलं. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम मला सगळ्या माहितीपत्रकांहून मोलाचा वाटतो.

व्ही-क्रॉस जुनीच घेतली, आणि मुद्दाम घाटावरची. किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीची चॅसी खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेली असू शकते, आणि हूक तर त्याच चॅसीला बोल्ट होणार. मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली झोपला, पाटे चॅसीला जोडणारे शॅकल आणि चॅसीचे मागचे आडवे क्रॉस मेंबर हातोडीने ठोकून बघितले, मगच मी पैसे दिले.

हूकबद्दल एक गोष्ट जरूर सांगायची. बाजारात ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो आणि दोन इंची अमेरिकन बॉलही मिळतो. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही. पण दोन इंची कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) ५० च्या बॉलवर सैल बसतो आणि खड्ड्यात उडू शकतो. खोलीची मूळची रिंग कापून ५० चा कपलर लावला आणि बॉलही ५० चाच, दोन्हींवरचे ठसे वाचून घेतला.

हूकची उंची ठरवताना फेरीबोटीही मनात होत्या. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. ओहोटीला बोटीवर चढायची उतरण जास्त तिरकी होते, तेव्हा खोलीची मागची कड घासेल. मागे दोन लहान चाकं लावली आहेत, आणि बोटीची वेळ भरती बघूनच धरायची. पिकअप सव्वापाच मीटरच्या पुढे, शिवाय मागे खोली, त्यामुळे मालवणच्या बाजारात ही जोडी घेऊन शिरायचं नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलंय. बाहेर उभी करून चालत जाऊ.

कागदांचं म्हणाल तर ट्रेलरला स्वतःची वेगळी नोंदणी लागते आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच्यावर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे. दोन्ही पाट्या रंगवून झाल्या. मागच्या दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगची जोडणी या आठवड्यात होईल. मग आधी रिकामी खोली घेऊन कुणकेश्वरपर्यंत, मग पाणी भरून आचऱ्यापर्यंत, आणि दोन्ही वेळा परत आल्याबरोबर चारही ड्रमना हात लावून बघायचा, दोन पिकअपच्या मागचे, दोन खोलीचे, कुठला किती तापलाय ते.