रेडिएटरला बोअरचं पाणी नको : घरच्या घरी कूलंट बदलताना

नागपुरात ज्यांच्याकडे बोअरच्या पाण्यावर कूलर चालतो, त्यांनी उन्हाळा संपल्यावर ताटी (कूलरच्या बाजूची गवताची जाळी) एकदा हातात घेऊन पाहावी. गवत काडीसारखं कडक झालेलं असतं, वर क्षारांचा पांढरा थर, दाबला की करकर वाजतो. मे महिन्यात गाडी गरम झाली की हेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. रेडिएटरच्या आतल्या नळ्या चपट्या, त्यांची फट जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिथे हा थर बसला की तो सहजासहजी निघत नाही.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कूलंट कशाला?" हा प्रश्न नेहमीचा आहे, कारण कूलंट म्हणजे रेडिएटरमधलं पाणी गोठू न देणारं द्रव एवढंच आपल्याला ठाऊक असतं. निव्वळ उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे, हे खरंच. पण साधं पाणी १०० अंशांना उकळतं, तर अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर साधारण १०७ अंशांना. रेडिएटरचं १.१ बार दाबाचं झाकण नीट बसलेलं असेल तर हेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. बाहेर ४५ अंश, रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, त्यातून आणखी तापून आलेली हवा, आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला ती ओढायला फक्त पंखा. अशा वेळी हे वरचे अंश फार कामाचे असतात. शिवाय कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि वॉटर पंप सांभाळतात. साध्या पाण्यात ती नसतातच.

भरण्याआधी गळती शोधा, नाहीतर सगळी मेहनत वाया. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी ओला डाग कुठे पडलाय ते पाहा. होज पाइपच्या क्लिपपाशी हिरवट किंवा गुलाबी वाळलेली पूड दिसली तर गळती तिथलीच. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते, ती कड टॉर्च मारून नीट पाहा, कारण जुन्या रेडिएटरला तडा बहुधा तिथेच जातो. वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून ओल येत असेल तर पंपाचं सील गेलं. तिथे एमसील लावून भागत नाही, पंपच बदलावा लागतो.

झाकणाकडे कोणी बघत नाही, आणि बऱ्याचदा दोष त्याचाच असतो. त्याच्या खाली स्प्रिंगचा मोठा रबर असतो आणि मधोमध छोटी चकती. रबर फाटला की दाब टिकत नाही. चकती अडकली की इंजिन थंड होताना बाजूच्या डब्यातलं कूलंट परत ओढलं जात नाही: डबा भरलेला, रेडिएटर रिकामा, वरचा होज पिचकलेला. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवा.

आता मूळ काम. गाडी किमान दोन तास थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं. खाली टब ठेवून ड्रेन कॉक (रेडिएटरच्या तळाची पाणी सोडायची चावी) सोडा. कॉक नसेल तर खालचा होज काढा. होज चिकटला असेल तर ओढू नका, हळूच पिळून सैल करा, नाहीतर रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी तुटते. निघालेलं कूलंट मोजा. छोट्या गाड्यांत एकूण साधारण ४ ते ५ लिटर असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. हे पाणी नालीत सोडू नका. ते गोडसर आणि विषारी असतं. गल्लीतलं कुत्रं किंवा मांजर चाटतं आणि मरतं. झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात भरून ठेवा आणि गॅरेजवाल्याला द्या.

मग डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालवा, थंड करा, काढून टाका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा.

इथे हिशोब चुकतो. ड्रेन केलं तरी इंजिनच्या पोटात एक-दीड लिटर पाणी राहतंच. त्यावर आधीच पाणी मिसळलेलं तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या: गाडीची क्षमता ५ लिटर असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने. रंग बघून कूलंट घेऊ नका, रंग कंपनी ठरवते; मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार पाहा. दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक गुण कमी होतो, कधी गाळही धरतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. ऐकू नका. अनेक गाड्यांत तो पूर्ण उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच नसला तर काही गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात फिरत राहतं. शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि थर्मामीटर लावून तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ छापलं असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

शेवटी एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढणं, आणि घाई नेमकी इथेच होते. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर फुल, एअरचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंटची अखंड धार आली की घट्ट करा. झाकण उघडं ठेवून, फनेल लावून इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालवा आणि वरचा होज जाड कापडाने धरून हलके दाबत राहा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, तसं ओतत जा. वरचा होज तापलेला आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट बहुधा अजून उघडलेला नाही. खालचाही तापला, पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून गरम वारा आला की इंजिन बंद करा. झाकण लगेच लावू नका, पातळी खाली बसली की वरून भरून मग लावा.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी, थंड इंजिनवर, डब्याची पातळी लो आणि फुलच्या मध्ये आहे ना ते पाहा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली तर ती उरलेली एअर. पण पुठ्ठा कोरडा असूनही ती रोज उतरत असेल, फनेलमधले बुडबुडे थांबत नसतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनमधली सीलबंद पट्टी) गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.