पंधरा हजारांचं पाकीट

आषाढातला पाऊस होता. म्हापशाच्या माझ्या ऑफिसात एक वहिनी भिजलेल्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर पसरत होत्या. नवरा मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवणारा. नऊ दिवसांपूर्वी करासवाड्याला मासळीच्या पिकअपनं त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडून तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पडून होता.

कागदांत एक टाइप केलेला कागद होता: 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' त्याला टाचलेलं पाकीट, आत पंधरा हजार.

"सही केलीत?"

"ना हो वकीलबाब. पिकअपच्या मालकाचं पेन चालेना. आज संध्याकाळी परत येतो म्हणालाय."

त्या पेनाचे उपकार.

भाच्यानं अपघात झाल्या झाल्या फोटो काढले होते. रस्त्यावर सांडलेला बर्फ, त्यात बांगडे, आणि मागे पिकअपची नंबरप्लेट अगदी स्वच्छ. मालकानं पोलिसांना मोबाइलवर पॉलिसीचा फोटो दाखवला होता म्हणे. मी नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला. विमा चार महिन्यांपूर्वीच संपलेला. दाखवलेला फोटो गेल्या वर्षीचा.

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे आता काहीच नाही मिळायचं?"

हा गैरसमज मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो. भरपाई द्यायची जबाबदारी मुळात चालकाची आणि मालकाची. विमा कंपनी त्यांच्या वतीनं भरते, इतकंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि विमा नसेल तर ते मालकानं द्यायचे. जास्त हवे असतील तर कलम 166 खाली दावा, पण अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. पायलटची स्वतःची पॉलिसीही मी पाहिली. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, आणि मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच. ते कवच मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. मोडलेल्या हाडाला त्यातून दमडी नाही.

खरी अडचण वसुलीची. निवाडा हातात पडेपर्यंत मालकाच्या नावावर काय उरतं? बहुतेकदा घर आईच्या नावावर, दुकान बायकोच्या. उरते ती गाडी. म्हणून मी पोलीस स्टेशनला फोन लावला. तपास अधिकारी म्हणाले, "पिकअप सोडवायचा अर्ज आजच तीन वाजता कोर्टात आहे."

तेव्हा सव्वाबारा झाले होते. जेवण राहिलं. अ‍ॅपवरची नोंद छापून घेतली, वहिनींचा अर्ज लिहिला आणि सरकारी वकिलांना व्हरांड्यातच गाठलं. विमा नसलेली गाडी मालकानं पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडायची नाही, असा नियम आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना तसं बजावलं. तारण नाही दिलं तर तीन महिन्यांनी गाडीचा लिलाव आणि पैसे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा. हे माहीत असूनही कोर्टाच्या दिवसभराच्या कामांच्या घाईत कोणी हरकतच घेतली नाही तर गाडी निघून जाते, हे मी पाहिलंय.

पलीकडचे वकील रोजीरोटीवर बोलले. गाडी पावसात गंजतेय, बँकेचा हप्ता थांबलाय. खोटं नव्हतं ते. मॅजिस्ट्रेटबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "विमा दाखवा." मालकानं मोबाइल काढला, पुन्हा खिशात ठेवला.

तारणाशिवाय गाडी सुटणार नाही, असा आदेश झाला. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा पहिला दंड 2,000 रुपये, तो वेगळा. एवढ्याशा दंडाला कोण भितो म्हणा!

पाकीट मी माझ्यासमोरच परत करायला लावलं, पोच घेऊन. मालकानं नोटा मोजल्या. मग कोर्टाच्या पायऱ्यांवर आमच्या मागे मागे येत हळूच म्हणाला, "वहिनी, पंचवीस करूया?"

वहिनींनी छत्री उघडली. "पाच वाजता बांबोळीला भेटायला सोडतात," त्या मला म्हणाल्या. "बस मिळेल ना?"