मातीचा तास

आपल्या शाळेच्या मागे, विहिरीच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत जे शाळेत होते त्यांनाच ती आठवत असेल. पुढे तिथे सायकल स्टँड झाला. कार्यानुभव म्हटलं की बहुतेक शाळांत खडू, मेणबत्त्या, कागदाची फुलं. आपल्याकडे शनिवारी सकाळच्या शाळेचे शेवटचे दोन तास मातीचे असत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. मी या एका तासाबद्दलच लिहिते, कारण मी आज जे काम करते ते तिथूनच आलं आहे, आणि तो तास पुन्हा सुरू व्हावा अशी माझी शाळेला विनंती आहे.

हा तास चित्रकलेच्या सरांनी सुरू केला. ते जुन्या बेसिक ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हातानं काही घडवता घडवता मुलानं गणित, भूगोल, विज्ञान शिकावं, हा विचार सरांच्या अंगात मुरला होता. पण त्यांना स्वतःला चाक चालवता येत नव्हतं, आणि पुस्तकात वाचून मातीकाम शिकवायची त्यांची तयारी नव्हती. ते कुंभारवाड्यात गेले आणि तिथल्या एका जाणत्या कारागिराला शाळेत घेऊन आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरांनी पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं, मी वर्गात आलो की उभे राहता तसं मामा आले की उभं राहायचं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. ज्यांच्या ओसरीखाली उभं राहून मामांनी जन्मभर माठ आणि सुगडं विकली, त्यांचीच मुलं त्यांना पाहून उठत होती. आपल्या गावात ही गोष्ट सोपी नव्हती, आणि ती घडवून आणणाऱ्या त्या दोघा शिक्षकांना मी फार मानते.

पहिले कित्येक शनिवार चाकाला हात लावायला मिळाला नाही. आधी माती. आपल्याकडची काळी कापसाची माती एकटी भांड्याला चालत नाही. पाणी पिऊन ती फुगते, वाळताना आक्रसते आणि तडकते. उन्हाळ्यात तळं आटलं की मामा त्याच्या तळाचा गाळ आणत. तो वाळवायचा, बडवून फोडायचा, चाळायचा आणि खड्ड्यात भिजवून मुरत ठेवायचा. मग त्यात चाळलेली राख आणि घोड्याची लीद. लीद म्हटल्यावर आम्ही मुलींनी नाकाला रुमाल लावले. मामा म्हणाले, "अगं पोरींनो, गवतच हाय ते. घोड्यानं बारीक करून दिल्यालं."

लिदीतले तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, वाळताना तडे जाऊ देत नाहीत. आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, ते जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. माठाचं पाणी त्यातून बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं, आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. विज्ञानात बाष्पीभवनाचा धडा होता. तो सरांनी याच शेडमध्ये घेतला: एक नवा माठ आणि एक पितळी कळशी शेजारी शेजारी भरून ठेवली, दोन्हीत थर्मामीटर सोडले आणि तासाभरानं एकेकाला बोलावून आकडे वाचायला लावले. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य का तरारतं, हेही त्या दिवशी कळलं. घट आपल्या अंगातून झिरपून भोवतीची माती ओली राखतो. आईला घरी जाऊन हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, म्हणून तर घट जुना चालत न्हाई, नवाच लागतो." वापरून वापरून जुन्या मडक्याच्या पोकळ्या क्षारांनी बुजतात. तिला ते ठाऊकच होतं.

मुरलेली माती पायांनी तुडवायची. टाचेनं, कडेकडेनं गोल फिरत आत यायचं, आणि पायाला खडा टोचला की थांबून तो काढायचा. तुडवणारा थकला की दुसरा. नंतर हातानं मळायची, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. दहावीपर्यंत मी या शाळेत पुष्कळ काही शिकले, पण कुठलंही काम सुरू होण्याआधी त्याची तयारीच कामाचा मोठा भाग असते, हे पायांना जितकं समजलं तितकं कुठल्याच धड्यानं सांगितलं नाही.

शाळेचं चाक मामांनी स्वतः सुताराकडून करवून घेतलं होतं. बैलगाडीच्या चाकासारखे आरे, काठाला माती आणि शेळीचे केस लिंपून दिलेलं वजन, खाली दगडात बसवलेली खुंटी. काठावरच्या खाचेत दांडा घालून ते गरागरा फिरवायचं आणि दांडा बाजूला ठेवायचा. पुढे ते आपल्या वजनावर फिरत राहतं, आणि ते मंदावायच्या आत हातातलं भांडं उठवायचं असतं.

चाकाचा पहिला शनिवार आला तेव्हा मामांनी मुलांना एका रांगेत उभं केलं आणि आम्हा मुलींना मळायला पाठवलं. कुंभाराच्या घरात बाई माती तयार करते, थापटते, रंगवते, आवा रचते, बाजारात नेऊन विकते, पण चाकावर बसत नाही. तशी रीतच आहे, नुसती आपल्या गावात नाही तर देशात बऱ्याच ठिकाणी. सरांनी त्यांना सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. तास सुटल्यावर दोघं विहिरीच्या काठावर बराच वेळ बोलत बसले. पुढच्या शनिवारी मामांनीच सांगितलं, "घरच्या चाकाची रीत घरी. हे चाक शाळंचं हाय. शाळंत जशी पोरं तशा पोरी." आणि त्या दिवशी त्यांनी मुलींना आधी बसवलं.

मामा शिकवताना फारसं बोलत नसत. गोळा चाकाच्या मधोमध आणायचा, हीच सगळ्यात अवघड पायरी. नुसत्या हातांच्या जोरानं तो मध्ये येत नाही. मामा मागे येऊन बसत, आपले हात आमच्या हातांवर ठेवत आणि एवढंच म्हणत, "कोपर मांडीला टेकव. श्वास सोड." कोपर टेकला की हात हलत नाही, हात हलला नाही की मातीला मध्ये येण्यावाचून गत्यंतर नसतं. मी आज शिकवते तेव्हाही याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही. मोठ्या गोळ्याचा उभा सुळका करून त्याच्या टोकावर एकेक पणती काढायची आणि दोऱ्यानं कापून घ्यायची, हे पहिलं काम. मामांची बायको, आमची मावशी, एकदा शेडमध्ये आली. माझी पणती तिनं उचलली, कडेखालून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बूड जड ठिवलंस. वाळताना तिथंच फाटंल." जिला चाकावर कधी बसू दिलं नव्हतं तिला चाकावरचं सगळं कळत होतं.

थापटायला मावशीनंच शिकवलं. मोठा माठ चाकावर पुरा होत नाही. चाकावर त्याचं तोंड आणि जाड भिंत तयार होते. मग थोडा वाळल्यावर आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं हलके हलके ठोकत भिंत पातळ करत पोट फुगवत न्यायचं. थापटणं चिकटू नये म्हणून राखेत बुडवायचं. भिंत कुठे जाड, कुठे पातळ हे आवाजावरून ओळखायचं. मावशी आमच्याकडे पाठ करून पाटीतल्या पणत्या रचत असायची आणि तिथूनच सांगायची, "डाव्या अंगाला अजून जाड हाय."

संत गोरोबाकाकांची परीक्षेची गोष्ट या थापटण्याचीच. तेरला संत जमले असताना मुक्ताबाईंनी विचारलं, यातली कुठली मडकी पक्की, कुठली कच्ची ते पाहा. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेव रागावले तेव्हा हे मडकं कच्चं ठरलं. कीर्तनात ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. आम्ही ती हातात थापटणं असताना ऐकली.

तेर आपल्यापासून जवळ, म्हणून आठवीची सहल तिकडेच निघायची. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी बाजारपेठ. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक टिपणातही तिचं नाव येतं. तेरचेच रहिवासी असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, आणि त्यांच्या संग्रहातून तिथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंती बाहुली सगळे पाहतात. सरांनी मात्र आम्हाला भाजलेल्या मातीच्या मूर्तींपुढे थांबवलं. पांढऱ्या केओलिन मातीच्या, आतून पोकळ, दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा दाबून मग जोडलेल्या. सांधा कुठे आहे ते मामांनी काचेवर बोट ठेवून दाखवलं. कुठल्याही मार्गदर्शकानं ते सांगितलं नसतं. तिथल्या जुन्या देवळांच्या विटा पाण्यावर तरंगतात असं ऐकलं तेव्हा मामांना नवल वाटलं नाही. भाजताना आतलं काहीतरी जळून पोकळी राहिली की वीट हलकी होणारच, ते म्हणाले.

आणि आवा. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी पणत्यांचा आणि संक्रांतीच्या आधी सुगडांचा. शाळेच्या मैदानाच्या कडेला गोवऱ्यांचा थर, त्यावर भांडी, मध्ये मध्ये तुराट्या आणि पळाट्या, वरून पाचट, त्यावर राख आणि मातीचा लेप. संध्याकाळी पेटवायचा. सुरुवातीला मामा तो मुद्दाम मंद ठेवत, नुसता धूर निघत राही. भांड्यात जरा ओल राहिली आणि एकदम आच लागली तर आत वाफ कोंडून भांडं फुटतं. पुढे पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ती पुन्हा कधीच चिखल होऊ शकत नाही. गावचा आवा साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातो. हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह तांबडं होतं. सगळी भोकं बुजवून धूर आत कोंडला तर तेच भांडं काळं निघतं. हे आकडे मला नंतर कळले, मामांना ज्वाळेचा रंग पुरायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर उघडा म्हणून हट्ट धरायचो आणि ते ऐकत नसत. त्याचंही कारण पुढे समजलं: निवताना ५७३ अंशांपाशी मातीतले क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण एकदम आक्रसतात, आणि गार वारा लागला तर भांडं तिथेच चिरतं.

दहावीनंतरचं थोडक्यात सांगते. कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, पुणे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकाम पाहायला गेले आणि हात पुन्हा मातीत गेला. पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी पाहिली. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली ती सुरू केली आणि आज देशभर काम करणारे कितीतरी सिरॅमिक कलाकार तिथे घडले आहेत. आता शनिवार-रविवारी मी पुण्यात वर्ग घेते. विजेचं चाक, पिशवीतून येणारी, जास्त आचेवर भाजायची स्टोनवेअर माती, बिस्क म्हणजे पहिली भाजणी, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, बाराशे अंशांच्या वर जाणारी भट्टी. आयटीतली मुलं-मुली येतात, मनापासून शिकतात, आणि त्यांना शिकवायला मला आवडतं. पण विजेच्या चाकाबद्दल माझं एक म्हणणं आहे. ते थांबत नाही, म्हणून हाताला घाई कधी करायची आणि कधी नाही हे शिकायला फार वेळ लागतो. दांड्याच्या चाकावर ते चाकच शिकवतं.

आणि एक गोष्ट मला सलते. शहरात दोन तासांच्या वर्कशॉपला लोक आनंदानं भरपूर फी देतात; हेच ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांच्या घरातली मुलं मात्र हे काम सोडून चालली आहेत. मामा आणि मावशी आता नाहीत. त्यांचा नातू दिवसा एका दुकानात काम करतो आणि सणांपुरत्या पणत्या, सुगडं, पोळ्याचे बैल करतो. त्याची बायको आता चाकावर बसते, आणि तिचा हात त्याच्याहून चांगला आहे. हे मी दोघांसमोर बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे, आणि त्या कारागिरांच्या यादीत कुंभाराचा उल्लेख आहे. आपल्या शाळेनं हे चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. आता ते पुन्हा करायला फारसं लागणार नाही: सावलीची जागा, पाण्याची सोय, एक दांड्याचं चाक आणि एक विजेचं, आवा लावायला मैदानाचा कोपरा. चाकांचा खर्च मी आणि माझ्या वर्गातल्या मैत्रिणी उचलू. महिन्यातून एक शनिवार मी स्वतः येईन. बाकीचे शनिवार त्या दोघा नवरा-बायकोंनी शिकवावं, त्यांना शिक्षक म्हणून ठरलेलं मानधन मिळावं आणि हजेरीपटावर दोघांचीही नावं असावीत, एवढीच माझी अट आहे. दोघांशी बोलणं झालं आहे, ते तयार आहेत. शाळा समितीनं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होकार कळवावा; तळं आटलेलं असतानाच गाळ काढून घ्यावा लागतो.