मेपलची साखरगाठी: अखेर साच्यातून अखंड सुटली

पाडवा आठ दिवसांवर आला असताना काल रात्री पहिली गाठी साच्यातून अखंड निघाली, म्हणून ही नोंद घाईने लिहीत आहे. यंदा गुढीला अंगणातल्या शुगर मेपल या झाडांच्या गोड रसाचीच गाठी बांधायची, असा संकल्प मागच्या नोंदीत केला होता. इथे कॅनडात, ओटावात पाडव्याला बहुतेक वर्षी बर्फ असतोच. रात्री उणे पाच आणि दिवसा अधिक पाच असे हवामान बसले की बादलीत टपटप सुरू होते, आणि तोच आमचा वसंत.

रसाबद्दल थोडक्यात सांगते. चार झाडांना सहा टॅप लावले असून 5/16 इंची स्टीलचे स्पाइल, म्हणजे खोडात ठोकायच्या रसाच्या नळ्या, उत्तम चालले आहेत; प्लॅस्टिकचे पुन्हा घेणार नाही, कारण थंडीत ते तडकतात. रसात साखर 2 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे चाळीस लिटर आटवावे तेव्हा एक लिटर सिरप हाती येते.

खरा छळ मांडला तो गाठीने. पहिल्या वेळी पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या 18 अंश वर नेला, थोडा निवू दिला, घोटला आणि पुण्याहून आणलेल्या सागवानी साच्यात दोरा ठेवून ओतला. दुसऱ्या दिवशी पदके दोऱ्यावरून घसरून ताटात पडली होती. 18 अंश ही मऊ वड्यांची खूण आहे, टांगायच्या गाठीला पाक आणखी कडक हवा, असे समजून दुसऱ्या वेळी 23 अंशांपर्यंत नेला. त्या दिवशी हवेचा दाब कमी होता, म्हणून आधी साधे पाणी उकळून थर्मामीटर तपासला, ते 99.2 अंशांना उकळले आणि हिशेब त्यावरूनच धरला. तरीही पाक साच्यात चिकटून राहिला, बोट लावले की तार निघे आणि दाणा काही धरेना. साचा नीट भिजला नसेल, घोटणे कमी पडले असेल, अशा शंकांत दोन संध्याकाळी आणि जवळजवळ दीड लिटर सिरप गेले.

उत्तर मिळाले ते कोल्हापूरहून. मामांनी तरुणपणी गुऱ्हाळावर काम केले आहे. फोनवर सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, ‘अगं, रस ताजा होता का? तोडून तीन दिवस पडलेल्या उसाची ढेप बसत नाही.’ मी जागीच थांबले. दोन्ही वेळचे सिरप मध्ये हवा 14 अंशांपर्यंत तापली होती त्या उबदार दिवसांतले होते आणि तेव्हा रस पिंपात तीन दिवस पडून राहिला होता. उबेत जिवाणू वाढतात, सुक्रोज फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही फुटलेली साखर दाणा धरू देत नाही.

खात्री करण्यासाठी बाबांचा ग्लुकोमीटर घेतला. एक भाग सिरप दहा भाग पाण्यात मिसळून थेंब पट्टीवर ठेवला, तर न जमलेल्या त्या गडद सिरपच्या बाटलीचा आकडा 11.4 (मिलिमोल प्रति लिटर) आला आणि हंगामाच्या पहिल्या उकळीच्या फिकट सोनेरी बाटलीला यंत्राने नुसते ‘लो’ दाखवले. मेपलचे सिरप करणाऱ्या प्रत्येकाने हे साधे यंत्र जवळ ठेवावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

काल त्या सोनेरी बाटलीतला पाक उत्कलनबिंदूच्या 22 अंश वर नेला. घोटताना लाकडी उलथणे हळूहळू जड होत गेले, पाकाची चकाकी गेली आणि तो सायीसारखा झाला. त्याच क्षणी रात्रभर भिजवलेल्या साच्यात ओतला. वीस मिनिटांनी साचा उलटा करून ठोकला तेव्हा बत्तासे दोऱ्यासकट सुटले. रंग फिकट मधासारखा असून कडेवर साच्याची प्रत्येक रेघ उमटली आहे. या भागातले मूळनिवासी अनिशिनाबे लोकही मेपलची साखर कोरीव लाकडी साच्यांतच ओतत आणि या हंगामाच्या चंद्राला साखरेचा चंद्र म्हणत; ते आठवून साचा हातात धरून बराच वेळ बसले होते.

एकवीस पदकांचा बेत होता, पण सोनेरी सिरप जेमतेम अर्धा लिटर उरले आहे, तेव्हा नऊच करीन. खरे तर लिहिता लिहिता सुचते आहे की पदके लहान केली तर शेजारच्या दोन घरांनाही एकेक गाठी देता येईल. लहान साचा आहे, तो आजच भिजत घालते. गडद सिरप पाडव्याच्या पुरणपोळीबरोबर काकवीसारखे वाढीन. उद्या रात्री उणे सहा आणि परवा दिवसा अधिक चार सांगितले आहे. जो रस उतरेल तो त्याच संध्याकाळी चुलीवर चढेल.