मागचं बाक कोरं

जुन्या मोटारींच्या लिलावाचे कॅटलॉग वाचायचा मला नाद आहे. गाडी घ्यायची नसते, त्यामुळे इंजिनाची आकडेमोड ओलांडून मी थेट 'मूळ मालक' या परिच्छेदावर उडी मारतो. तिथे बहुधा एखादा कारखानदार भेटतो. मग त्याची विधवा, मग मुलगा, मग धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली गेलेली तीस-चाळीस वर्षं. शेवटी नातवंडांची भांडणं झालेली असणारच, पण कॅटलॉग ती 'कुटुंबाच्या संग्रहातून' एवढ्या दोन शब्दांत मिटवून टाकतो.

या कुळकथांसाठी माझी लाडकी कंपनी अमेरिकेतल्या बफेलोची पिअर्स-ॲरो. जॉर्ज पिअर्सच्या कारखान्यात आधी पक्ष्यांचे पिंजरे बनत, मग सायकली आणि १९०१ पासून मोटारी. पिंजऱ्यापासून सुरुवात करून हे लोक कुठे पोहोचले, तर साडेतेरा लिटर इंजिनाच्या 'मॉडेल ६६' पर्यंत! सहा सिलिंडर, म्हणजे एकेक सिलिंडर सव्वादोन लिटरचा. आजच्या एका आख्ख्या मोटारीचं इंजिन त्यात बसावं. हेडलाइट रेडिएटरशेजारी न ठेवता त्यांनी ते पुढच्या मडगार्डमध्येच बसवले आणि १९१४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. समोरून पाहिलं की गाडी बेडकासारखी डोळे वटारून बघते. मला ते रूप आवडतं. न आवडणाऱ्यांसाठी कंपनी नेहमीचे दिवेही लावून देत असे.

तशी एक टूरिंग कार मी एका प्रदर्शनात जवळून पाहिली. टूरिंग कार म्हणजे उघडी गाडी. वर दुमडता येणारा कापडी टप, बाजूला काचा नाहीत. पाऊस आला की सेल्युलॉइडच्या खिडक्या असलेले पडदे काढायचे आणि एकेक बटण लावत बसायचं. तरी त्या काळी श्रीमंतांना हीच गाडी हवी असायची. बंद गाडीत आपण बसलोय हे लोकांना दिसणार कसं? १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहातल्या नऊ मोटारी उघड्या असत. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण बरोबर उलटं झालं आणि या राजेशाही गाड्यांना कोणी विचारीना. काहींचा मागचा भाग कापून क्रेन बसवली गेली. काही दुसऱ्या महायुद्धात भंगारात वितळल्या. ज्यांचं काय करायचं हे घरच्यांना सुचलं नाही, त्याच कोठारात राहिल्या आणि वाचल्या. 'चार पिढ्यांनी जपलेला वारसा' असं वाचलं की मला म्हणूनच थोडं हसू येतं. जपला कसला, विसरला!

तर ती गाडी. रंग मूळचाच होता, जुन्या भिंतीसारखा बारीक तडकलेला. सुदैवाने नूतनीकरणवाल्यांचा हात तिला लागला नव्हता. मागचं बाक बघून मी चकित झालो. कातडं काळंभोर, फुगीर, जवळजवळ कोरं. समोर पांघरूण अडकवायची दांडी, तीही चकचकीत. पाटीवर मालकाचं नाव, धंदा, बायको, मुलं, सगळं होतं. पण या लोकांनी बाकावर बसून काही झिजवलं होतं असं मला दिसलं नाही.

पुढची सीट मात्र चिरफाळली होती. उशीची कडा दबून आतला काथ्या बाहेर डोकावत होता. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे होतं. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून बाकीच्यांनी चाक डावीकडे नेलं. पिअर्स-ॲरोने १९२० च्या आसपासपर्यंत ते हलवलं नाही. शोफरला थेट फुटपाथच्या बाजूला उतरून मालकिणीसाठी दार उघडता यावं, असं त्याचं एक कारण सांगतात. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा. या गाडीच्या शोफरने तर पावसात ते पडदेही लावले असणार, बाकी मंडळी आत अंग चोरून बसलेली असताना.

त्याचं नाव शोधायला मी पाटी पुन्हा वाचली. मालकाच्या कुत्र्याचं नाव सापडलं.

मग दोरीवरून जमेल तेवढं वाकून पेडल पाहिले. क्लचच्या पेडलवरच्या रेघा डाव्या कोपऱ्यात पार पुसल्या होत्या, उजवीकडे शाबूत. पाऊल जरा तिरकं पडत असावं. मी आणखी वाकलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा मागे, प्लीज."