किलिनोच्चीची अक्का आणि शेंडा नसलेले ताड

श्रीलंकेत जाफन्याला चाललेय म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, तिकडे अजून मारामारी चालू नाही ना? नाही बाबा, लष्कर आणि तमिळ टायगर्स यांचं ते युद्ध मे २००९ मध्येच संपलं. पण खरं सांगायचं तर मीही मंदिरं, समुद्र, फोटो एवढ्याच हिशोबाने निघाले होते, आणि कोलंबोहून येणाऱ्या याल देवी गाडीतून जाफन्याच्या अलीकडे किलिनोच्चीला उतरले ते फक्त एक रात्र काढून पुढे सटकायला. (या गाडीची वाट १९९० ला बंद पडली ती जाफन्यापर्यंत परत सुरू व्हायला २०१४ उजाडलं, आणि रूळ घातले आपल्या इरकॉन या सरकारी कंपनीने. गाडीत बसेपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं.)

एका रात्रीचे तीन दिवस झाले.

फेब्रुवारी होता, भाताची कापणी ऐन भरात, रस्त्याची अर्धी बाजू वाळत घातलेल्या भाताने पिवळी झालेली आणि ट्रकवालेसुद्धा निमूटपणे उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून जात होते. माझा रिक्षावाला दुबईत सहा वर्षं राहिलेला, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी येत होती. इरणैमडूचं तळं बघायचंय म्हटलं तर त्याने बांधावर नेलं. तळं कसलं, धरणच ते! खालची हजारो एकर शेती याच्या पाटावर. मग म्हणाला चला, माझ्या मावशीकडे जेवू.

मावशीला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हटलं. अंगणात सुपात भात पाखडत बसली होती, मी समोर टेकले तर दुसरं सूप माझ्याकडे सरकवलं. मला येतं असं वाटलं होतं, पण अर्धा भात जमिनीवर सांडला आणि अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली.

हळूहळू बोलायला लागली. युद्ध संपलं तेव्हा ती मेनिक फार्मच्या निर्वासित छावणीत होती, तिथे एका वेळी दोन लाखांहून जास्त माणसं होती. नवरा छावणीपर्यंत पोचलाच नाही, यापुढे ती त्याबद्दल काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. २०१० मध्ये दोन मुलींना घेऊन गावी परतली तर घराच्या जागी झाडोरा, विहिरीत पत्रे आणि शेतात पाय टाकायची सोय नाही, कारण सुरुंग. तमिळमध्ये त्याला मिदिवेडी म्हणतात, पाऊल पडलं की फुटणारी. म्हणजे जमीन आपली, सातबाराच म्हणा ना, हातात आहे, पण पेरायची नाही. रेशनच्या तांदळावर दिवस काढले. शेत साफ झाल्यावर मग बियाणं मिळालं. नांगरायला ट्रॅक्टर आला तो भारताने दिलेल्या ५०० मधलाच, असं रिक्षावाल्याने मधेच छाती फुगवून सांगितलं, जणू त्यानेच दिला होता.

मग आल्या कोंबड्या. कुठल्याशा संस्थेने गावातल्या सगळ्या बायकांना एकाच महिन्यात कोंबड्या वाटल्या. आता सगळ्यांकडेच अंडी, घेणार कोण? शेवटी कोंबड्याच मुंगसाने नेल्या. अहवालात मात्र नक्की लिहिलं असणार की इतक्या कुटुंबांना रोजगार मिळाला. अक्काला याचा राग नव्हता, मलाच आला.

राग तिला आला तो कर्जाच्या विषयावर. छोट्या कर्जवाल्या कंपन्यांची पोरं दर आठवड्याला मोटरसायकलवर दारात, एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घ्यायचं, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याकडून. २०१८ मध्ये सरकारने दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची काही कर्जं माफ केली, तिचं एक सुटलं, दोन राहिली. ती फेडत आणली तोवर २०२१ ला सरकारनेच रासायनिक खतं बंद केली. नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला खरा, पण तोवर पेरण्या होऊन गेलेल्या. त्या वर्षी शेतात पीक नव्हतं, पिवळं गवत होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी जाफन्याकडे निघाले. मुहमालैला ए-नाईन रस्त्याच्या कडेला ताडच ताड, पण शेंडे उडालेले, नुसते खांब. इथे कित्येक वर्षं दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. लाल पाट्यांवर कवटी काढलेली. अशा शेतांत बायका गुडघ्यावर बसून छोट्या दाताळ्याने माती इंच इंच खरवडतात, त्यातल्या कितीतरी अक्कासारख्या घरात एकट्या कमावणाऱ्या. माणसाची जमीन मोकळी करायची नोकरी हीच इथली सगळ्यात भरवशाची नोकरी, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

निघताना अक्काने ताडाचे उकडलेले कोंब कागदात बांधून दिले होते, ताडाचं बी मातीत पुरून काढतात ते. दोऱ्यासारखं सोलायचं आणि मीठ लावून खायचं. तिच्या बांधावर तिने शेत साफ झालं त्या वर्षीच ताडाच्या बिया लावल्यात, ओळीने. ताडगोळे कधी येणार विचारलं तर हाताची बोटं मोजत राहिली, मग रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाली आणि दोघं हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, तू परत ये, तेव्हा पाखडायलाही शिकवते."